ओल्या फडक्याचा वास

नंदू गेला त्या दिवशी मी पुण्यात होतो. सकाळी दिल्याचा फोन आला. मी बसने दादरला उतरलो आणि तिथून नायगावला चालत गेलो. दुपारी सगळं आटोपलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दिल्याला नाही, नंदूच्या बायकोला, उज्जूला, तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्यांना ओळखत नाही. आणि — हेही खरं — तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात.

पण आधी मजेचं सांगू? मजा खूप केली आम्ही.

आम्ही चौघं लालबागच्या एकाच चाळीतले. नंदू आणि उज्जूच्या खोल्या समोरासमोर; पुढे त्यांचं लग्न झालं तेव्हा वरातीला अंतरच नव्हतं. दिल्या खालच्या मजल्यावर. मी जिन्याजवळच्या खोलीत, पुस्तक घेऊन. क्रिकेटमध्ये मला कुणी घ्यायचं नाही. गोट्यांत मी हरायचो. मला एकच गोष्ट यायची — वास. जिन्यात डोळे मिटून उभा राहायचो आणि सांगायचो: सावंतांकडे सुकट, वर कुळथाची पिठी, आणि दिल्या, तुमच्याकडे डाळ लागली. दिल्या धावत जायचा आणि खालूनच ओरडायचा, "लागली रे, खरंच लागली!" तेव्हापासून मी नाकोबा.

मग मी पुण्याला गेलो, पुस्तकांची मुद्रितं तपासायच्या कामाला. चाळ पडली, टॉवर आला. नंदू-उज्जू नायगावला गेले, दिल्या वडाळ्याला. आणि आमचे वडील ज्या गिरणीत जायचे तिच्या आवारात एक बियरचं ठिकाण निघालं. तिथेच बनवतात, काचेपलीकडे मोठाल्या चकचकीत टाक्या दिसतात. मी आलो की शनिवारी दुपारी आम्ही तिथे. दुपारीच — कारण तेव्हा गाणी हळू असतात आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

पहिला ग्लास आला की नंदू उभा राहायचा. त्याचे आजोबा गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचे, तसं हात जोडून, अगदी त्याच सुरात —

"बा देवा म्हाराजा, ही चार लेकरां आज तुझ्या दारात जमली हत…"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"तेंच्या ग्लासात फेस कमी नि बियर जास्त येंव दे…"

"व्हय म्हाराजा!"

"नि ह्या दिल्याक बिल येवच्या टायमाक मुतूक लागता, ता कायमचा बंद कर रे म्हाराजा!"

शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला शेजारच्या टेबलावरची अनोळखी मुलंही सामील व्हायची. दिल्या सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा.

मग चवीसाठी छोटे ग्लास यायचे आणि ते माझ्यापुढे सरकायचे. मी एकेक नाकाशी धरायचो. ह्यात संत्र्याची साल. ह्यात भाजलेली कॉफी. मी सांगेन ते मागवायचं, असा नियमच होता. पन्नाशी उलटलेली चार माणसं, आणि अजून जिन्यातलाच खेळ! त्या दुपारींत मी जितका हसलोय तितका उरलेल्या आयुष्यात हसलेलो नाही.

मग तो ताप आला. त्या वर्षी सगळ्यांनाच येत होता. ताप गेला, वास परत आला नाही. घरी मी एकटाच. दूध करपलं तरी धूर दिसेपर्यंत कळायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. नाक नसलेला नाकोबा — तो त्या टेबलावर बसून करणार काय? मी तिथलं मेन्यूकार्ड आधीच वाचून ठेवायला लागलो. कार्डावर धणे लिहिलेले असले की मी ग्लास नाकाशी न्यायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "धणे." उज्जू टाळी द्यायची.

इथवर ती नुसती लबाडी होती.

नंदू निवृत्त झाला आणि घरीच बियर करायला लागला. आमसुलं घालून. उज्जूचं मोदकांचं पातेलं त्यात गेलं ते गेलंच. त्या ठिकाणचा मॅनेजर आमच्या ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, "काका, घेऊन या. आमच्या बनवणाऱ्याला चाखायला देतो. आवडली तर एखादी टाकी तुमच्या नावाची लावू." तुम्ही नंदूचा चेहरा बघायला हवा होता. आपल्या बापाच्या गिरणीत आपल्या नावाची टाकी! पण तो म्हणाला, "आधी नाकोबा. हा हो म्हणाला तरच आत नेणार."

फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर त्याने थर्मासच्या झाकणात ती ओतली, चहा द्यावा तशी. मी वास घेतला. काहीच नाही. घोट घेतला. आंबट, कडू, गार — बस.

आता सांगा, काय म्हणायला हवं होतं? 'नंदू, मला वास येत नाही.' एवढंच. किंवा निदान 'छान आहे' तरी. पण छान म्हटलं असतं तर ती आत गेली असती, जाणत्या माणसाच्या हातात. तिथे काही बिघडलेलं निघालं असतं तर? नाकोबाला कसं कळलं नाही, असं झालं असतं. मी — माझी जागा वाचवली. म्हणालो, "जमत आलंय रे. पण मागे ओल्या फडक्याचा वास आहे."

कुठून सुचलं, माहीत नाही.

नंदूने पुन्हा झाकण नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगलं. मग म्हणाला, "आहे. च्यायला, आहे रे! तू म्हणजे तू आहेस."

पुढे जवळजवळ दोन वर्षं तो त्या वासाच्या मागे लागला. नळी बदलली. बाटल्या उकळल्या. उज्जूचा मला फोन — "अरे, घरातली सगळी फडकी टाकून दिलीयेत ह्याने! ओटा कशाने पुसू, ह्याच्या लेंग्याने?" आम्ही पोट धरून हसलो. तो आमचा सगळ्यांत लाडका विनोद झाला. प्रत्येक भेटीत तो थर्मास आणायचा, मी डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "कमी झालाय." तो खूश व्हायचा. कमी झालाय! कधीतरी 'गेला' म्हणून टाकावं, असं मला वाटायचं. पुढच्या वेळी. असं म्हणता म्हणता तो झोपेतच गेला.

नंतर दोन महिन्यांनी आम्ही तिघं तिथे जमलो. उज्जूने पिशवीतून बाटली काढली. त्याची शेवटची. मॅनेजरने स्वतः तीन ग्लास आणून ठेवले.

दिल्या म्हणाला, "आहे रे. अगदी किंचित, पण आहे."

उज्जू म्हणाली, "मला कधीच नाही आला. त्याला म्हटलं तर म्हणायचा, तुला काय कळतंय, नाकोबा सांगतोय ना." आणि तिने ग्लास माझ्यापुढे सरकवला. "सांग आता."

मी डोळे मिटले. म्हणालो, "गेलाय. पूर्ण गेलाय."

"जमली!" दिल्या ओरडला. "अरे, जमली त्याला!" उज्जू हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. ती उभी राहिली, हात जोडले आणि नंदूच्या सुरात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा…" पुढचं तिला येत नव्हतं, तरी आम्ही दोघं ओरडलो. आसपासची टेबलंही ओरडली. इतकी सुंदर दुपार नंदू असतानाही झाली नव्हती.

बनवणाऱ्याला द्यायला मात्र थेंबही उरला नाही. आम्हीच संपवली.

तो वास कधी नव्हताच. आणि तो गेला की नाही, हे मला कळलेलं नाही. बियर चांगली होती का? तेही नाही. उज्जूने बाटली मला दिली — "तुझ्याकडे ठेव, तुझ्यामुळे जमली."

ती धुतलेली नाही. पुण्याला माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे.