एका भांड्याची चूल

लोयांगच्या वेशीबाहेर फेई लुन नावाचा कुंभार मेलेल्यांचा संसार घडवायचा. मातीच्या विहिरी, मातीची कोठारं, मातीचे नोकर, इतकंच काय, वर संडास आणि खाली डुकरं असं मातीचं खुराडंसुद्धा. थडग्यात जे ठेवाल तेच मेलेल्याला पलीकडे कायमचं पुरतं, याबद्दल लुनला तिळमात्र शंका नव्हती. किळस होती ती गिऱ्हाइकांची. बाप जिवंत असताना त्याला कोपऱ्यात कुजवायचं आणि मेल्यावर मातीची बदकं द्यायला धावत यायचं! अशांचा हात हाताला लागला तरी लुन राखेनं घासून धुवायचा.

पण गेंग पिंगसारखा निलाजरा त्यानंही पाहिला नव्हता. मातृभक्त म्हणून बोलबाला झाला की जिल्ह्याचा अधिकारी सरकारी जागेसाठी नाव धाडतो. म्हणून या गृहस्थानं आई जिवंत असतानाच तिच्या थडग्याचं सामान सांगितलं. म्हातारीला काय हवं ते विचारायला लुन घरी गेला, तर ती मागच्या अंगणात, डुकरांच्या खुराड्याला लागून पडलेली. पुढ्यात राळ्याची आंबलेली पेज, तिच्यावर माश्या. लुननं हातानं माश्या हाकलल्या.

"आजी, चूल कशी करू? तीन भांड्यांची?"

"तीन कशाला रे मेल्या?" म्हातारी फणकारली. "एका भांड्याची कर, लहानशी. जन्मभर या पोरासुनेची खरकटी काढली मी. उद्या हेही मरतील, याच थडग्यात माझ्या शेजारी येऊन निजतील आणि म्हणतील, आई, वाढ! मोठी चूल दिसली की बसलेच गिळायला."

"आणि स्वयंपाकाला बाई?"

"नको बाबा. सुनेसारखी निघाली तर तिथंही उपाशी मारेल."

लुनला हसू आलं, पण त्यानं तिला शब्द दिला.

हिवाळ्यात म्हातारी गेली. पाहुण्यांना दाखवायला सगळं सामान अंगणात मांडलं होतं. आत डुकराचं मटण रटरटत होतं. पिंग सुतकाचं जाडंभरडं नेसून, काठीवर वाकून रडत होता. चुलीवर नजर गेली आणि त्याचं रडणं थांबलं.

"ए कुंभारा, ही काय भिकाऱ्याची चूल? लोक काय म्हणतील?"

"आजींनीच अशी सांगितली होती, मालक."

"तिला काय कळत होतं! तीन भांड्यांची आण, जा." मग पाहुण्यांकडे वळून त्यानं गळा काढला, "एक दिवस मीही येईन गं आई, तुझ्या हातचं जेवायला!"

पाहुण्यांनी डोळे टिपले. अधिकाऱ्याचा माणूसही हेलावला. लुननं तोंड फिरवलं. आईला आंबलेली पेज घालणाऱ्याला तिच्या हातचं हवं होतं, आणि तेही ती मेल्यावर!

लुन मोठी चूल घेऊन आला. लहान चूल त्यानं गवतात गुंडाळून टोपलीच्या तळाशी दडवली. थडग्यात सामान लावायचं काम त्याचंच. दिवटी घेऊन तो एकटाच खाली उतरला, म्हातारीच्या उशाशी लहान चूल मांडली, तिच्यावर एक भांडं ठेवलं, शेजारी मूठभर चांगले राळे ठेवले. मग मोठी चूल दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर आपटली.

वर पिंग छाती बडवून इतका मोठ्यानं रडत होता, की तो आवाज कोणाच्याच कानावर गेला नाही.