हसू नकोस

एका संस्थेचं मदतीचं आवाहन आज फोनवर आलं. वर आमच्या वॉचमनच्या मुलीचा फोटो आणि खाली ओळ, ‘हिचं हसू हिला परत द्या.’

हा फोटो काढला तेव्हा मी गॅलरीतच होते. फोटो निघणार म्हणून आईनं पोरीला दिवाळीचा फ्रॉक घातला होता, तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. संस्थेचा माणूस म्हणाला, “ताई, वेण्या सोडा, जुना फ्रॉक घाला. बाळा, हसू नकोस.” तरी ती हसत राहिली, तेव्हा तो खेकसला.

नीट विंचरलेलं पोर पाहून आमचा हात खिशाकडे जायचा नाही, अशी या दयाळू मंडळींची खात्री. ती खरी असेल, याचीच जास्त किळस येते.

फोटोत तिच्या खांद्यावर एक लाल रिबीन लोंबते आहे. तेवढी काढायची राहिली.