एक पेर मलम

आमच्या दवाखान्यात त्वचा विभाग तळमजल्यावरच्या अगदी शेवटच्या खोलीत आहे. नायटा, खरूज, इसब असलं काही घेऊन येणाऱ्याला लांब बसवायची रीत कोणी पाडली कोण जाणे. त्या खोलीबाहेरच्या खिडकीत मी केसपेपर लिहिते. एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात सहा डॉक्टर आले नि गेले, आतली सिस्टर मात्र तीच. तिला सगळे पेरबाई म्हणतात.

'थोडंसं मलम लावा' हे शब्द तिला खपत नाहीत, म्हणून हे नाव पडलं. "थोडंसं म्हणजे किती? एकाचं थोडंसं म्हणजे दुसऱ्याची अर्धी ट्यूब!" मग ती स्वतःची तर्जनी पुढे करते आणि टोकाच्या पेरावर मलमाची एक वळी ओढते. "हे एक पेर. दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आता तुम्ही करून दाखवा." माणूस अधिकारी असो की हमाल, करून दाखवल्याशिवाय सुटका नाही. टॉवेल वेगळा ठेवा, अंग कोरडं ठेवा, खाज गेली म्हणून मलम बंद करू नका, हे सगळं ती दिवसातून चाळीसदा सांगते. खरजेच्या रोग्याला हात लावताना ती हातमोजे घालते, पण तोंड वाकडं केलेलं मी कधी पाहिलं नाही. मी तर, खरं सांगते, पहिली दोन वर्षं त्यांचे कागदसुद्धा चिमटीत धरत होते.

हे पेर तिला शिकवलं तिच्या धाकट्या भावाच्या हातांनी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. त्याच्या कोपरांच्या लवणीत इसब होता. पोर रक्त येईपर्यंत खाजवायचं. ही त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घालायची, अंग टिपायची, नखं कापायची, झोपताना हातांवर सुती मोजे चढवायची. डॉक्टरांनी दिलेलं मलम आपल्या बोटावर मोजून लावायची. तो बोटाकडे टक लावून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, एक पेर झालं." शब्द त्याचाच. पुढे हिनं तो आख्ख्या गावाला शिकवला.

त्या पोराचा औषधवाला झाला. दवाखान्याच्या फाटकासमोर त्यानं दुकान थाटलं, तेव्हा पेरबाईचे पाय जमिनीवर नव्हते. प्रत्येक रोग्याला सांगायची, "समोर माझ्या भावाकडे जा. चिठ्ठीत असेल तेच देईल." मी चिडवायची, "अगं, कमिशन तरी घे!" ती हसायची.

मग एका सकाळी एक शिंपीण आली. गालावर नायटा, पण त्याची कड विरघळल्यासारखी झालेली. कातडी लालभडक आणि पातळ. पेरबाईनं विचारलं, "काय लावलंत हे?"

"तुमचंच मलम की, सिस्टर!"

"मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

"समोरचा दुकानदार म्हणाला, पेरबाई हेच देतात. एक पेर लावा, दोन दिवसांत खाज जाईल. गेलीही. मग दुपटीनं आली." पिशवीतून तिनं पिळून चपटी झालेली ट्यूब काढली.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. तेच औषध इसबाला डॉक्टर मोजूनमापून देतात आणि गुण येतो. नायट्यावर लावलं की खाज थांबते आणि आत रोग हातपाय पसरतो. शिंपिणीला डॉक्टर म्हणाले, बरं व्हायला महिने लागतील, डाग जाईलच असं नाही. तिनं पदरानं गाल झाकला आणि पेरबाईकडे असं पाहिलं, जणू ट्यूब हिनंच हातात दिली होती. मी जुने कागद उपसले. तीन महिन्यांत अशी अकरा माणसं.

जेवणाच्या सुट्टीत पेरबाई फाटकाबाहेर निघाली. मीही गेले, कारण तिचा चेहरा मला बरा दिसेना. ती भावाच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. पुढे एक म्हातारा होता. भाऊ खाली मान घालून त्याला सांगत होता, "पेरबाईंचंच आहे, बिनघोर लावा. एक पेर." मग त्यानं मान वर केली.

"ताई! रांगेत कशाला? आत ये ना."

तिनं म्हाताऱ्याच्या हातातली ट्यूब काढून घेतली, त्याला दवाखान्यात जाऊन बसायला सांगितलं आणि ट्यूब काउंटरवर ठेवली. "यात काय आहे, माहीत आहे तुला?"

"मी नाही दिली तर पलीकडचा देईल. लोकांना झटपट गुण हवा असतो, ताई."

"माझं नाव कशाला घेतलंस?"

"तुझं नाव घेतलं की कोणी काही विचारत नाही." हे तो कौतुकानं म्हणाला. माझा हात शिवशिवला.

ट्यूब बाजूला सारायला त्यानं हात पुढे केला. मनगटावर घड्याळ नव्हतं. जिथं पट्टा असायचा, तिथं एक गोल चट्टा होता. पेरबाईनं त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला. चट्टा नायट्याचाच, पण सुकत आलेला, नीट बरा होत असलेला. सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "याला काय लावतोस?"

आणि सवयीनं तोही खरं बोलून गेला. "साधं नायट्याचं. सकाळ-संध्याकाळ. घड्याळ काढून ठेवलंय, जागा कोरडी ठेवतो."

"ही ट्यूब नाही लावलीस?"

"ही कशी लावीन, ताई?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. पेरबाईनं त्याचा हात सोडला. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्याला कळत नव्हतं असं असतं, तर तिनं त्याला समोर बसवून पुन्हा शिकवलं असतं. त्याला सगळं येत होतं. तिनंच शिकवलं होतं.

परत येताना ती एवढंच म्हणाली, "त्या बाईला वाटतंय, तिचा गाल मी घालवला."

दुसऱ्या दिवशी मी पेरबाईच्या नावानं औषध निरीक्षकांकडे पाठवायचा तक्रारअर्ज लिहायला घेतला. बाहेर नव्या रोग्यांना ती सांगत होती, "माझं नाव सांगून कोणी मलम दिलं तर घेऊ नका." एकानं विचारलं, "तुमच्या भावानं दिलं तरी?" ती म्हणाली, "त्यानं दिलं तर नक्कीच नको," आणि आत आली.

अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, तक्रारदाराचं दुकानदाराशी नातं. मी तो रिकामा ठेवला होता. "राहू दे गं," मी म्हटलं. "बाकीचं सगळं खरं आहे. तेवढं थोडंसं राहिलं तर काय बिघडतं?"

"थोडंसं म्हणजे किती?" तिनं विचारलं. माझ्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सख्खी बहीण'.