भोपळ्याच्या देठावरची लव

बनारसच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, ते दिवस इंग्रजी राज्याचे. आमच्या विभागात सूक्ष्मदर्शकाखाली जे जे दिसे ते कागदावर उतरवायचं काम एकाच माणसाकडे होतं. ते दुर्गाघाटावर, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. मी त्यांना काका म्हणायचो. वीस वर्षं त्यांनी परागकण काढले, मुळांचे छेद काढले. मग त्यांचा उजवा हात कापू लागला.

एके दिवशी प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की विभागात कॅमेरा आला आहे, यापुढे चित्रं नकोत, फोटो मी काढायचे. काका शेजारच्या टेबलाशी पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी मान वर केली नाही. मलाच चोरट्यासारखं झालं.

पहिलं काम भोपळ्याच्या कोवळ्या देठावरच्या लवेचं होतं. एकेक केस म्हणजे काचेच्या मण्यांची माळ. डोळ्याला दिसायची, पण फोटोत येईना. खालच्या आरशातून वर येणारा उजेड केसातून सरळ आरपार जायचा आणि कागदावर नुसतं पांढरं उमटायचं. उजेड कमी करून पाहिला, तर केसांच्या कडा काळ्याभोर झाल्या आणि आतलं सगळं पुसलं गेलं. आठवडाभर मी कॅमेऱ्याच्या काचा वाया घालवत होतो.

शनिवारी दुपारी काका मागे येऊन उभे राहिले.

"सरक जरा," ते म्हणाले. नळीतून पाहिलं आणि हसले. "अरे, तू तर त्याच्या डोळ्यांत दिवा मारतोयस. सकाळी बालाजी घाटावर जातोस ना? कडेच्या भिंतीवर ऊन तिरपं येतं तेव्हा छिन्नीचा घाव न् घाव दिसतो. दुपारी बघ, भिंत सपाट."

"पण काका, इथे ऊन तिरपं आणायचं कसं?"

"मधला उजेड अडवायचा. बस."

त्यांनी काळ्या कागदाची टिकली मला कापायला लावली, त्यांच्या हाताला ते जमणारं नव्हतं. ती एका गोल काचेच्या मधोमध चिकटवून आम्ही काच सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या भिंगाखाली बसवली. आता फक्त कडेचा उजेड वर येणार होता. पहिली टिकली लहान पडली, दुसरी इतकी मोठी की सगळाच अंधार. तिसरी बसवली आणि मी नळीला डोळा लावला. काळ्याशार पार्श्वभूमीवर ती लव चांदीसारखी उजळली होती, आणि प्रत्येक मण्यातला कण न् कण दिसत होता.

उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्यातली काच दोन मिनिटं उघडी ठेवावी लागली. फरशी हादरू नये म्हणून काका दारात उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानंच थांबवत राहिले.

फोटो पाहून प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली. क्षणभर ते श्रेय आपणच घ्यावंसं वाटलं, हे कबूल करतो. मग म्हणालो, "सर, ही युक्ती काकांची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांनी मला कधी सांगितलं नाही!"

"आपण विचारलं नाहीत, सर."

एवढं धाडस कुठून आलं, देव जाणे. पण प्राध्यापक रागावले नाहीत. ते उठून स्वतः काकांच्या टेबलापाशी गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. सोमवारपासून मात्र सूक्ष्मदर्शकाशेजारी दोन खुर्च्या लागल्या. आरसा आणि दिवा काकांकडे, कॅमेरा माझ्याकडे.

प्राध्यापकांचा निबंध एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला तेव्हा फोटोखाली आम्हा दोघांची नावं होती. मी तो अंक घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी विचारलं, "ह्यात ह्यांचं कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्या अक्षरांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. काका आतून ओरडले, "अगं, त्याला आधी पाणी तरी दे!"