डुफीच्या रश्शातलं मीठ

डुफीच्या हाताला यश होतं, पण ते चुलीपाशी नव्हे. तिचा मटणाचा रस्सा प्यायला की माणूस विहीर शोधत पळतो, असं अख्खं सुआमे मॅगझिन म्हणायचं. मॅगझिन म्हणजे कुमासी शहरातली गॅरेजवाल्यांची वस्ती. आणि गंमत बघा, ही बाई आधी तिथे फुफू, म्हणजे कांडलेल्या कंदाचे गोळे, आणि रस्साच विकत होती! गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून समोरच्या वायरिंगवाल्या उस्तादाचं काम बघत बसायची. बघता बघता एक दिवस कमरेचं कापड खोचलं आणि शिकायला त्याच्याच दुकानात शिरली. शिकून झाल्यावर, रिवाजाप्रमाणे, उस्तादानं तिच्या डोक्यावर पावडरचा डबा उपडा केला. पांढऱ्याफेक डुफीनं सगळ्यांना जेवण वाढलं. लोकांनी टाळ्या भरपूर वाजवल्या, ताटं मात्र तशीच ठेवली.

त्या शनिवारी सकाळी तिच्या दारात बस येऊन थांबली. थांबली कसली, आचके देत बंदच पडली. आत काळ्या-लाल सुतकी कपड्यांतली मंडळी मांपाँग गावी मयताच्या कार्याला निघालेली. ड्रायव्हर टाविया खाली उतरला तो रडवेला होऊन. त्याला सगळे ‘वोफा’, म्हणजे मामा म्हणायचे. डुफीच्या रश्शाची सगळ्यात जास्त टिंगल करणाराही हाच. तिला तो ‘मामे’, म्हणजे बाई, अशी हाक मारायचा.

“मामे, वाचव गं! पुन्हा तो लाल दिवा. रेडिएटरच्या टाकीत पाणी नाही म्हणतो आणि इंजिन बंद करतो. टाकी तर काठोकाठ भरलीय!”

“मग एवढं तोंड का पाडलंस? पाहू या की.”

“अगं, मालकीणबाई निघाल्यात इकडे. आज गाडी थांबली तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देणार म्हणाल्या.” त्यानं गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली मुठीत घट्ट धरली. “म्हातारपणी मी काय शेळ्या राखू? दिव्याच्या त्या दोन तारा जोडून टाक ना एकमेकींना. सगळे तेच करतात.”

“आणि उद्या खरंच पाणी संपलं तर? तोंड दाबलं म्हणून पोराची भूक जाते होय रे? गप स्टिअरिंगवर बस. दिवा पेटला की पेटला म्हण, विझला की विझला म्हण. जास्तीचं एक अक्षर नको.”

डुफीनं बॉनेट उघडलं. टाकी भरलेली होती, वोफा खोटं बोलत नव्हता. तिनं टाकीतलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला, पुसला, पिना निरखल्या. गंज नाही, ओल नाही. प्लगातल्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा धरला.

“विझला!” वोफा ओरडला.

म्हणजे तारा ठीक, पुढचं इंजिन बंद करणारं डबडंही ठीक. मग सेन्सरच गेला असणार. तिनं नवा सेन्सर काढला, तारेला जोडला आणि टाकीत बसवण्याआधी मगातल्या पाण्यात बुडवून पाहिला. पाणी वोफानंच आपल्याजवळची पिण्याच्या पाण्याची पिशवी फोडून मगात ओतलं होतं.

“पेटलेलाच आहे!”

“नीट बघ!”

“मामे, माझे डोळे म्हातारे असतील, पण आंधळे नाहीत!”

नवा कोरा सेन्सर, मगभर पाणी, आणि दिवा म्हणतो पाणीच नाही! डुफीचं डोकं फिरलं. बसमधल्या बायका खिडकीतून डोकावून म्हणू लागल्या, “अगं, मेलेला माणूस आमची वाट बघतोय!” तिनं वैतागून सेन्सर तारेसकट बाजूच्या बाकावर भिरकावला. तो नेमका तिच्या न्याहारीच्या रश्शाच्या वाडग्यात पडला.

“विझला!” वोफानं आरोळी ठोकली. “मामे, विझला! काय केलंस?”

डुफी वाडग्याकडे बघतच राहिली. सेन्सर उचलला, दिवा पेटला. रश्शात बुडवला, विझला. पुन्हा मगात घातला, पेटला. मग तिनं चिमूटभर मीठ मगातल्या पाण्यात टाकलं, ढवळलं आणि सेन्सर घातला.

“विझला!”

“वोफा, खाली ये. टाकीत कोणतं पाणी घातलंस?”

वोफाची छाती फुगली. “दुसरं कोणतं? मालकीणबाईंच्या नव्या कारखान्यातल्या पिशव्यांचं! मी पितो तेच. आधी ते शेवाळ्यासारखं हिरवं काहीतरी होतं, ते सगळं काढून टाकलं. मग एकेक पिशवी दातानं फाडून टाकी भरली. गाडीनं आपलं पोट भरायचं आणि आपण तिला घाण पाजायची?”

“अरे देवा! त्या हिरव्यालाच कूलंट म्हणतात, शहाण्या!” डुफी कपाळावर हात मारून हसत सुटली. “पाण्यातनं थोडी वीज गेली तर सेन्सरला पाणी कळतं. ह्या पाण्यात क्षारच उरलेला नाही. त्याच्या लेखी टाकी कोरडी ठाक!”

“मग ओत की मीठ!”

“खबरदार! इंजिन गंजवायचंय का?”

शेजारच्या दुकानातून कूलंटचा डबा आला. पिशव्यांचं पाणी गटारात गेलं, टाकीत हिरवं चढलं, जुन्याच सेन्सरला प्लग पुन्हा लागला आणि दिवा विझला. आणि नेमक्या तेव्हाच मालकीण फ्रेमाबाई टॅक्सीतून उतरल्या.

“बंद पडलीच ना शेवटी?” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

वोफानं गळ्यातली दोरी काढली. मानेवर तिचा वळ उमटलेला होता. डुफीला भडभडून आलं.

“बाई, आधी ऐका. दोष त्याचा नाही. तुमचं पाणी फार शुद्ध आहे.”

“म्हणजे? माझ्या पाण्याला नाव ठेवतेस?”

“नाव कसलं, एवढं स्वच्छ की गाडीला ते पाणीच वाटलं नाही. माणसाला ठीक, इंजिनाला नको. यानं तर जीव लावून एकेक पिशवी दातानं फाडून पाजलीय तिला.”

बाईंनी वोफाकडे पाहिलं. तो अपराध्यासारखा खाली बघत होता. “दातानं?”

“कात्री नव्हती बाई.”

आधी बसमधल्या बायका हसल्या, मग फ्रेमाबाईही. “माझ्या नवऱ्यानं एवढ्या मायेनं मला कधी पाणी पाजलं नाही,” असं म्हणत त्यांनी दोरी पुन्हा वोफाच्या गळ्यात घातली. “जा. पण माझं पाणी माणसांनाच पाज.”

बस गेली. संध्याकाळी, डुफी दुकान आवरत असताना परत आली. चढ चढून, उतार उतरून, एकदाही न थांबता आली होती. वोफा उतरला आणि थेट बाकावर येऊन बसला.

“मामे, रस्सा आहे?”

“आहे. पण तोच तो, खारट.”

“वाढ.”

तिनं वाडगा भरून दिला आणि शेजारी पाण्याची पिशवी ठेवली. पहिल्या घोटालाच वोफाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पठ्ठ्यानं शेवटच्या थेंबापर्यंत वाडगा रिकामा केला, बोटं चाटली आणि पिशवीला हातही न लावता वाडगा पुन्हा पुढे केला.