मुलाणी चाचांच्या टिंबाच्या फाइली

दुसऱ्याच्या खुर्चीत बसण्याआधी मुलाणी चाचा त्याचा कीबोर्ड उलटा करून झटकत. टेबलावर फरसाणाचे कण पडले की विचारत, "डबा हितंच खाता व्हय?" उत्तराची वाट न बघता कामाला लागत. चाकणच्या आमच्या सुट्या भागांच्या कंपनीत संगणक सांभाळणारे ते एकटेच.

आमच्या डिझाइन विभागात सगळ्यांच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. अक्षर केवढं दिसावं, कोणत्या कळेने काय उघडावं, हे सगळं टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या फाइलींमध्ये लिहिलेलं असतं. चाचा त्या जपत. "मशीन कंपनीचं हाय. सवयी आपल्या. त्या कुठनं आणाल?" मशीन बदललं की ते एकच आज्ञा टाइप करत आणि नवा पडदा जुन्यासारखा दिसू लागे.

माझा उजवा अंगठा माउस धरून धरून कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले, माउस सोडा नाहीतर नोकरी सोडा. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. चाचांनी माझं सगळं काम डाव्या हाताच्या कळांवर आणलं. रोज दोन-तीन कळा, न जमल्या तर पुन्हा बदल. मी वैतागले की म्हणत, "मॅडम, अंगठा तुमचा दुखतोय का माझा?"

त्यांचा हट्ट एकच. प्रत्येकाची खरी फाइल कंपनीच्या सर्व्हरवर, चाचांच्या स्वतःच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये. आमच्या खात्यात तिच्याकडे बोट दाखवणारी नुसती लिंक. "धा ठिकाणी धा फाइली ठेवल्या, तर खरी कंची ते कुणालाच कळणार न्हाई." मलाही ते पटलं होतं.

मग ते निवृत्त झाले. शाल, समोसे, फोटो. महिन्याभराने मुख्य कार्यालयाने नियमाप्रमाणे त्यांचं खातं पुसलं. सोमवारी आमच्या सगळ्या लिंका रिकाम्या जागेकडे बोट दाखवत होत्या.

"चाचा जाताना आपल्या सगळ्यांचा संसार घेऊन गेले राव," शेजारचा काळे म्हणाला. मुख्य कार्यालयाकडे बॅकअप मागितला, ठेवलेला नव्हता. माझ्या डाव्या हाताच्या कळाही गेल्या होत्या, म्हणून मी माउस धरला. दुपारपर्यंत अंगठा सुजला. ड्रॉइंग गुरुवारी द्यायची होती.

चाचांना फोन केला. काय झालं ते सांगितलं.

"चूक माझी हाय. तुमच्याकडं एकेक प्रत ठेवाय पायजे व्हती. घ्या, लिहून घ्या."

त्यांनी माझी फाइल तोंडी सांगितली. ओळीमागून ओळ, कंस आणि स्वल्पविरामासकट. मी डाव्या हाताने टाइप करत गेले. तासभर लागला.

"बाकीच्यांचं?" मी विचारलं.

"न्हाई आठवत. तुमची इतक्यांदा बदललीय, की पाठ झाली."

ड्रॉइंग गुरुवारी गेली. त्यानंतर मी दोन मशीन बदलली. फाइल माझी मीच नेते. तिच्यातल्या दोन ओळी कशासाठी आहेत, मला अजून कळलेलं नाही. विचारायला आता चाचा हयात नाहीत. त्या काढून बघायची माझी हिंमत होत नाही.