अंगणातले ॲशट्रे काढले तेव्हा

मी निघालो त्या दिवशी विमानतळावर आई माझ्या स्वेटरची चेन उगाचच वर-खाली करत होती. बाबा ट्रॉली धरून उभे होते. आठवडाभर आधी मी दोघांना सांगितलं होतं, मला मुलगे आवडतात, माझ्या लग्नाचं बघू नका. त्यावर घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. गेटपाशी बाबा एवढंच म्हणाले, “तिकडे कसं राहायचं ते तू ठरव. इथे मात्र कुणाला कळू देऊ नकोस.” मी मान डोलावली. निगडीच्या घरात मी कधी वाद घातला नव्हता, तेव्हाही घातला नाही. बॅग उचलली आणि आत गेलो.

सिडनीत युनिव्हर्सिटीत शिकत असताना ब्लॅकटाउनमध्ये चार मराठी मुलांबरोबर राहायचो. गणपती होते, क्रिकेट होतं, रविवारचे पोहे होते. फक्त गर्लफ्रेंडचा विषय निघाला की मी खोटं बोलायचो. खोटं न बोलता बसता येईल अशी एकच जागा मला सापडली, ट्रेनने पाऊण तासावरचा एक गे बार. तिथली मालकीण मॉरीन, साठी ओलांडलेली. तिने मला ग्लास गोळा करायचं काम दिलं. आज माझ्याकडे पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पर्मनंट आहे, तरी तिथली रविवार दुपारची शिफ्ट सोडलेली नाही. डॅनियल मला तिथेच भेटला. तो शाळेत शिकवतो. आम्ही आता एकत्र राहतो.

बारच्या आत सिगारेटला कायद्यानेच बंदी आहे. मागच्या अंगणात मात्र चालायची, आणि गर्दी सगळी अंगणातच. मला लहानपणापासून दमा. गेल्या हिवाळ्यात तिथून ग्लास आणताना श्वासच अडकला. कॉल नावाचं सत्तरीचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, तो हातातली सिगारेट टाकून धावला. मला खुर्चीत बसवलं, माझ्या खिशातून दम्याचा पंप काढून हातात दिला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाठीवर हात ठेवून म्हणत राहिला, “स्लो, मेट. नो वरीज.”

बरा झाल्यावर मी मॉरीनला म्हटलं, अंगणही स्मोक-फ्री कर. गिऱ्हाइकं जातील, ती म्हणाली. मग म्हणाली, “सगळ्यांसमोर बोलशील?”

एका रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, बारमध्ये तीसेक माणसं जमली. सगळ्यात आधी उठला तो कॉल.

“आयुष्यभर मला लोक सांगत आले, हे करू नकोस, ते करू नकोस,” तो म्हणाला. “बापाने सांगितलं, पोलिसांनी सांगितलं. आता इथेही तेच?”

ज्याने मला वाचवलं त्याच्याविरुद्ध बोलायचं होतं. डॅनियल माझ्या कानाशी म्हणाला, “राहू दे. आपण दुसरीकडे जात जाऊ.” ते मला फार लागलं. दुसरीकडे मी एकदा गेलोच होतो. आता आणखी कुठे जायचं?

मी उठलो. “कॉल, तू होतास म्हणून मी आहे. तू सिगारेट सोड असं मी म्हणत नाही. फुटपाथवर ओढ, मी गप्पा मारायला येईन, वाऱ्याची बाजू बघून उभा राहीन. पण मी इथून जाणार नाही. आपल्याच माणसाला इथे श्वास घेता येत नसेल, तर हा बार कोणासाठी आहे?”

मॉरीन बराच वेळ काउंटर पुसत राहिली. मग म्हणाली, “याच अंगणात ओढणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्यासमोर ॲशट्रे मीच ठेवायचे.” फडकं खाली ठेवून ती म्हणाली, “उद्यापासून नाही ठेवणार.”

कॉल उठून निघून गेला. सहा रविवार फिरकला नाही. आणखीही काही जण तुटले, आणि मला त्याचं वाईट वाटलं. पण केलं ते चुकलं असं एकदाही वाटलं नाही. धुरामुळे आधी न येणारं दोघींचं एक जोडपं त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन अंगणात बसायला लागलं. सातव्या रविवारी कॉल आला. बाहेर सिगारेट संपवली, आत येऊन त्या मुलीशेजारच्या टेबलावर बसला.

“फार हट्टी आहेस तू,” मला म्हणाला.

“हो,” मी म्हटलं.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. ‘गे बार’ हा शब्दही सांगितला. पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला, म्हणजे बाबाही ऐकत होते. आईने विचारलं, “मग, ऐकलं का तुझं त्यांनी?”

आई, बाबा, आणि इथे-तिथे विखुरलेल्या मित्रांनो, मान डोलावून निघून जायला मला फार लवकर जमलं होतं. थांबून भांडायला मी इथे शिकलो, आणि ज्या जागेसाठी भांडावंसं वाटतं तिलाच मी आता घर म्हणतो. निगडीचं घरही त्यात आलं. डिसेंबरमध्ये मी आणि डॅनियल येतोय. सोसायटीत कोणी विचारलं, तर तो माझा कोण ते मी सांगणार आहे. आम्ही हॉटेल बुक केलेलं नाही.